गोव्याची हाफ आयर्नमॅन: दुपारी बाराच्या धावण्यासाठी वर्षभराची तयारी

सायकल स्टँडला अडकवून, शूज बदलून मी धावायला बाहेर पडले तेव्हा बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती. डोक्यावर ऊन, बाजूला समुद्र, हवा जड, आणि पुढे २१ किलोमीटर. त्याआधी १.९ किलोमीटर पोहून झालं होतं, ९० किलोमीटर सायकल झाली होती, आणि तरी खरी परीक्षा तिथून सुरू होणार हे मला माहीत होतं कारण मी सगळी तयारीच त्या बारा वाजताच्या हिशोबाने केली होती. मी साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी, वय ४२, दोन मुलं, शाळेत असताना खेळात कधी बक्षीस मिळालं नाही. माझा वेळ आला ७ तास ४४ मिनिटं. हे सांगते कारण खाली जे लिहिलंय ते पोडियमवाल्यांसाठी नाही, नोकरी-घर सांभाळून ८ तास ३० मिनिटांच्या आत धडपणे पोचायचंय त्यांच्यासाठी आहे.

माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात. गोव्यात पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही रेस २०१९ ला पहिल्यांदा झाली, मग कोविडमुळे गॅप पडला आणि २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. ७०.३ म्हणजे मैल, तिन्ही अंतरं मिळून, आपल्या हिशोबात ११३ किलोमीटर. वेळेच्या मर्यादा, म्हणजे कटऑफ, अशा: पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं, स्टार्टपासून साडेपाच तासांत सायकल संपली पाहिजे, आणि एकूण साडेआठ तास. हे तीन आकडे कपाटावर चिकटवून ठेवा. मी ठेवले होते.

आधी डॉक्टर, मग फी

चाळिशीच्या पुढचे असाल, घरात कुणाला हार्टचा त्रास असेल, बीपी-शुगर असेल तर फॉर्म भरायच्या आधी डॉक्टरकडे जा, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या. ट्रायथलॉनमध्ये जे मृत्यू होतात त्यातले बहुतेक पोहताना होतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या हृदयात काही दोष आहे हे माहीतच नसतं. सायकलवर छातीत दुखलं तर थांबता येतं, पाण्यात तेवढा वेळ मिळत नाही. आमच्या घरी सासूबाईंची एकच अट होती, रिपोर्ट दाखव मग काय करायचं ते कर. बरोबर होती ती अट.

आणि थेट हाफला उडी मारू नका. आधी एखादी स्प्रिंट करा, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. कोल्हापूर-पुण्याकडे अशा छोट्या रेस होत असतात. त्यात ट्रान्झिशन (एक प्रकार संपवून दुसऱ्यासाठी शूज-सामान बदलायचा टप्पा) म्हणजे काय, ओल्या पायात मोजे घालायला किती वेळ जातो, गर्दीत पोहताना छाती कशी धडधडते हे सगळं कमी पैशात कळतं.

कॅलेंडर उलटं मोजा, कारण मध्ये पावसाळा आहे

गोव्याची रेस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते. इंटरनेटवरचे सगळे २० आठवड्यांचे प्लॅन परदेशातल्या हवामानावर बेतलेले असतात, ते जसेच्या तसे घेतले तर तुमच्या तयारीचे मुख्य महिने नेमके जून ते सप्टेंबरमध्ये येतात. साताऱ्यात त्या काळात यवतेश्वरच्या घाटात दहा फुटांवरचं दिसत नाही, रस्ते शेवाळलेले, आणि कोकणात समुद्र खवळलेला असतो, त्यात उतरायचा विचारसुद्धा करू नका. म्हणून मी असं वाटून घेतलं:

जानेवारी ते मार्च फक्त पोहणं शिकणं आणि हळू धावणं. एप्रिल-मे मध्ये समुद्र, तेव्हा सुट्ट्याही असतात, मालवणला चिवला बीचवर जाऊन चार दिवस सकाळी भरती-ओहोटी स्थानिकांना विचारून पोहले, बरोबर कायम एक जण बोटीत. जून ते ऑगस्ट सायकल घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड), पोहणं पूलमध्ये, धावणं पावसात (पावसात धावण्यासारखं सुख नाही, तिथे काही अडत नाही). सप्टेंबरमध्ये पाऊस उघडला की लांब राइड्स. आणि शेवटचे दोन आठवडे उन्हासाठी राखून.

आठवड्याला साधारण ८ ते १० तास. तीनदा पोहणं, तीनदा सायकल, तीनदा धावणं, एक दिवस पूर्ण आराम. माझा दिवस साडेचारला सुरू व्हायचा, साडेसातला घरी, मग डबे, मग बँक. डबे करायचं काम नवऱ्याने आठवड्यातून चार दिवस घेतलं आणि हे आधीच ठरवून घेतलं होतं. विशेषतः बायकांना सांगते, ही चर्चा फी भरायच्या आधी घरात मोकळेपणाने करा. नंतर प्रत्येक रविवारी अपराधी वाटत सायकल बाहेर काढण्यात निम्मी ताकद जाते.

पोहणं: विहिरीतलं पोहणं आणि समुद्रातलं पोहणं

मी गावाला पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. आपल्याकडे खूप जण असेच शिकलेत आणि म्हणतात की मला पोहता येतं. येतं, पण डोकं वर काढून, हातपाय मारत, पंचवीस-तीस मीटर. १९०० मीटरला ते चालत नाही. डोकं वर ठेवलं की पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं आणि सगळी ताकद पुढे जाण्याऐवजी तरंगण्यात जाते. मला फ्रीस्टाइल नव्याने शिकावी लागली, तीन महिने लागले, आणि त्यात सगळ्यात अवघड हात-पाय नव्हते, श्वास होता. तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडायचे, मान वळली की फक्त आत घ्यायचा. लोक पाण्यात श्वास धरून ठेवतात आणि मग वर आल्यावर सोडणं-घेणं दोन्ही करायला जातात, म्हणून दम लागतो. हे एक सुधारलं की ५० मीटरवाला माणूस महिन्याभरात ४०० मीटर न थांबता जातो, मी स्वतः गेले.

हिशोब असा. १९०० मीटरला ७० मिनिटं म्हणजे १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद. ऐकायला सोपं वाटतं पण समुद्रात लाटा, गर्दी, वाकडं जाणं यात वेळ वाढतो. माझं पूलमध्ये १०० मीटरला २ मिनिटं २५ सेकंद यायचं, रेसमध्ये ते २ मिनिटं ४५ सेकंदांच्या आसपास पडलं आणि मी ५२ मिनिटांत बाहेर आले. पूलमध्ये सलग २००० मीटर पावणेतीन मिनिटांच्या वेगाने जमत असेल तर पोहण्याची काळजी सोडा आणि उरलेला वेळ सायकलला द्या.

समुद्रासाठी वेगळ्या तीन गोष्टी शिका. एक, सायटिंग, म्हणजे दर सहा-आठ हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून पुढचा बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) बघायचा. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, पाणी गढूळ असतं, पूलसारखी खाली काळी रेघ नाही, स्वतःचा हात दिसत नाही. पूलमध्ये डोळे मिटून दहा हात मारून बघा, किती वाकडे जाता ते कळेल. दोन, दोन्ही बाजूंनी श्वास, कारण लाट एका बाजूने येत असेल तर त्या बाजूला तोंड उघडलं की खारं पाणी पोटात. तीन, घाबरल्यावर काय करायचं याची सवय. पाठीवर व्हायचं, वीस श्वास मोजायचे, मग ब्रेस्टस्ट्रोक, मग परत फ्रीस्टाइल. आणि हे नियमात बसतं की तुम्ही कयाक (मदतीसाठी ठेवलेली छोटी होडी) धरून थांबू शकता, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, मी समजत होते हात लावला की बाद. ही एक गोष्ट माहीत असली तरी निम्मी भीती जाते.

वेटसूटवर पैसे घालवू नका. पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की हौशी स्पर्धकांना वयोगटात वेटसूट चालत नाही आणि गोव्याचं पाणी त्याहून बरंच गरम असतं. म्हणजे तरंगायला मदत करणारं काही नाही, तुमचं तंत्रच.

सायकल: इथे हात आखडता घ्या

महागडी ट्रायथलॉन बाइक लागत नाही. साधी रोड बाइक, तुमच्या मापाची, ब्रेक चांगले, हँडलची टोकं बंद असलेली (उघडी असतील तर चेकिंगला अडवतात), आणि चांगलं हेल्मेट. पैसे खर्च करायचे तर बाइक फिटिंगवर करा. सीट दोन सेंटिमीटर खाली असल्यामुळे माझा गुडघा दीड महिना दुखत होता आणि मी धावण्याला दोष देत होते.

पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे. मी घरी हॉलमध्ये घड्याळ लावून मागचं चाक काढून ट्यूब बदलायचे, पहिल्यांदा ३२ मिनिटं लागली, शेवटी ९. एकदा कराडच्या रस्त्यावर राइडमध्ये पंक्चर झालं तेव्हा कळलं की दुकानातून घेतलेल्या दोन्ही स्पेअर ट्यूबचा व्हॉल्व आखूड होता, माझ्या रिममधून बाहेरच येत नव्हता, पंप लावणार कुठे. घेतानाच रिमला लावून बघा.

कटऑफचा हिशोब: पोहण्यात पूर्ण ७० मिनिटं गेली आणि ट्रान्झिशनला १० मिनिटं धरली तर ९० किलोमीटरसाठी ४ तास १० मिनिटं उरतात, म्हणजे ताशी साडेएकवीसच्या वर सरासरी हवी. रस्ता सपाट असेल असं धरून चालू नका, चढ आहेत, आणि दिवस वर चढतो तसा समुद्राकडून वारा सुटतो. मी ३ तास ४८ मिनिटं घेतली. त्याहून दहा मिनिटं लवकर येता आलं असतं, पायात होतं तेवढं, पण मुद्दाम सोडलं. सायकलवर जोर लावून वाचवलेली दहा मिनिटं धावताना अर्धा तास घेऊन जातात, हे मी आमच्याच ग्रुपमधल्या दोन चांगल्या सायकलवाल्यांचं झालेलं बघितलंय, दोघेही माझ्यापेक्षा कितीतरी जोरात गेले आणि धावण्याच्या दुसऱ्या फेरीला झाडाखाली बसलेले दिसले, फार वाईट वाटलं. पॉवर मीटर (पायांचा जोर मोजणारं यंत्र) नसेल तर साधी खूण, तुम्हाला शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. चढावर दम लागून वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका करा.

नियमही पाठ करा. पुढच्या सायकलच्या १२ मीटर आत राहिलात की ड्राफ्टिंग (पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवणं), ओव्हरटेक करायचं तर २५ सेकंदांत पूर्ण करायचं, पकडलं तर ५ मिनिटं पेनल्टी. आपल्याला ग्रुपने चिकटून चालवायची सवय असते म्हणून लांब राइड्स मुद्दाम एकट्याने अंतर ठेवून करा. हेडफोन चालत नाहीत. बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही, नवऱ्याने दिलेली पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावणं

सायकलवरून उतरल्यावर पहिला किलोमीटर पाय आपले नसतात, लाकडासारखे वाटतात. ते बरोबरच आहे, दीड-दोन किलोमीटरमध्ये सुटतात, पण हे शरीराला आधी माहीत पाहिजे. दर आठवड्याला एकदा तरी सायकलनंतर लगेच १५-२० मिनिटं धावा. रेसच्या आधी एकदा ८० किलोमीटर सायकल अधिक ८ किलोमीटर धावणं असं मोठं ब्रिक करा, तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही.

साताऱ्यात धावणाऱ्यांची कमी नाही, हिल मॅरेथॉनमुळे गल्लोगल्ली लोक यवतेश्वर चढतात. तो घाट पायांना चांगला पण मी लांब धावणं १८ किलोमीटरवर थांबवलं. सायकलची मेहनत वेगळी असतेच, २१ आधी धावून बघायची गरज नाही.

पोटाची तयारी

पायांइतकीच आतड्यांना सवय लागते. सायकलवर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट जायला हवं. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम, एका जेलमध्ये (पाकिटातला घट्ट गोड पाक) २० ते २५. पहिल्या महिन्यात तासाला ३० ग्रॅमने सुरुवात करा, पोट कुरकुरलं नाही की वाढवा. मला जेलचा गोडवा दोन तासांनी नकोसा होतो म्हणून मी सायकलवर जेल, केळं आणि राजगिऱ्याच्या वड्या असं मिक्स ठेवलं. बाटलीत लिंबाचं पाणी, लिटरला ६० ग्रॅम साखर आणि थोडं मीठ, चव सरबतापेक्षा खारट लागते, लागू दे.

पाणी किती प्यायचं हे दुसऱ्याला विचारू नका, मोजा. एक तास सायकल चालवायच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे एक लिटर घाम गेला, मध्ये प्यायलेलं त्यात मिळवा. माझा साताऱ्यात तासाला ६०० मिली जातो आणि मे महिन्यात मालवणला ११००. एवढा फरक. पण नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम कमी होऊन उलट्या, गोंधळ, फिट्ससुद्धा येऊ शकतात.

उन्हाची सवय

चार महिने पावसात तयारी करून आपण थेट गोव्याच्या दुपारी उभे राहतो, म्हणून हा भाग सोडू नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी तेवढी चढत नाही. मी शेवटचे दोन आठवडे एक दिवस आड साडेअकराला, जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी, ३० ते ४५ मिनिटं अगदी हळू धावले. जमत नसेल तर पंखा बंद करून अंगात जाड जॅकेट घालून ट्रेनरवर अर्धा तास. वेग विसरायचा. चक्कर, अंगावर काटा येणं, थंडी वाजणं, बोलताना शब्द अडखळणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबून सावलीत जाऊन अंगावर पाणी ओतायचं. हे रेसलाही तसंच.

गोव्यात दमटपणा जास्त म्हणून घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून तिथे प्यायच्या पाण्याइतकंच अंगावर ओतायचं पाणी महत्त्वाचं.

गोव्यात पोचल्यावर

आम्ही सातारा, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असे गेलो, गुरुवारी रात्री. सायकल कॅरिअरवर, डिरेलरला (गिअर बदलणारा मागचा भाग) फोम गुंडाळून. शुक्रवारी रजिस्ट्रेशन आणि ब्रीफिंग, ब्रीफिंग चुकवू नका, रस्त्याचे बदल तिथेच कळतात. समुद्रात पंधरा मिनिटं उतरा, फक्त चव आणि लाट बघायला. मासळी-सोलकढी-बिबिंका सगळं रेसनंतर. शनिवारी दुपारी सायकल जमा करताना टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, उन्हात ट्यूब फुटतात, पहाटे पंप न्या. तुमची जागा शोधायची खूण ठरवा, कितवी रांग, कोणतं झाड, कारण पोहून आल्यावर डोकं भिरभिरतं आणि सगळ्या सायकली सारख्याच दिसतात.

पाळीची तारीख रेसच्या आसपास येत असेल तर दोन महिने आधीच डॉक्टरशी बोला, आणि टॅम्पॉन किंवा कप जे वापरणार ते घालून पूर्ण ब्रिक करून बघा. माझ्या पाळीचा दुसरा दिवसच रेसला आला होता. तयारी होती म्हणून त्रास झाला नाही.

रेसचा दिवस

पहाटे साडेतीनला मऊ भात, थोडं मीठ, केळं. नेहमी खाता तेच खा. काख, मान, मांड्या, ब्राचा पट्टा जिथे जिथे घासतो तिथे व्हॅसलिन भरपूर, खाऱ्या पाण्यात सोललेल्या जागेची आग दिवसभर होते.

स्टार्ट रोलिंग असतो, थोडे थोडे सोडतात. तुमच्या खऱ्या वेळेच्या गटात उभे राहा, पुढे घुसू नका. मी सव्वासातच्या सुमारास पाण्यात गेले आणि पहिल्या दोनशे मीटरमध्ये कुणाचा तरी पाय लागून गॉगल सरकला, डोळ्यात खारं पाणी, छाती धडधडली. पाठीवर झाले, वीस श्वास मोजले, गॉगल नीट केला. मालवणला जे केलं होतं तेच. पट्टा कॅपच्या आतून घ्या, म्हणजे निघत नाही.

ट्रान्झिशनमध्ये आधी हेल्मेट घालून पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. माउंट लाइनच्या पुढे गेल्यावर बसायचं. मला तिथे ८ मिनिटं लागली कारण मी पाय नीट पुसून मोजे घातले, त्याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही, पुढे साडेसहा तास एक फोड आला नाही.

सायकलवर पहिली २० किलोमीटर सगळे तुम्हाला मागे टाकतील, टाकू दे. दर २० मिनिटांनी घड्याळात अलार्म लावून खा, भूक लागायची वाट बघू नका. शेवटचे ५ किलोमीटर हलका गिअर, पाय जोरात फिरवा, घन खाणं बंद.

आणि मग ते बारा वाजताचं धावणं. सायकल कटऑफच्या काठावर संपली तरी तीन तास असतात, म्हणजे ट्रान्झिशनची मिनिटं वजा करून किलोमीटरला साधारण सव्वाआठ मिनिटं, यात चालणंही बसतं. मी पहिल्या पावलापासून ठरवून नऊ मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं केलं, थकल्यावर नाही, पहिल्यापासूनच. प्रत्येक पाण्याच्या टेबलावर पूर्ण थांबायचे, बर्फ टोपीत आणि ब्रामध्ये, स्पंज मानेवर, दोन घोट इलेक्ट्रोलाइट, निघायचं. बर्फ वितळेपर्यंत पुढचं टेबल येतं. तिथली गोव्याची पोरं-पोरी, व्हॉलंटिअर, उन्हात तासन् तास उभी राहून आपल्या डोक्यावर पाणी ओततात, प्रत्येकाला थँक्यू म्हणा, मनापासून. चौदाव्या किलोमीटरला पोट ढवळलं, मी एक किलोमीटर फक्त चालले, फक्त पाण्याच्या चुळा भरल्या, मग कोला थोडा थोडा, ते जागेवर आलं. २१ किलोमीटरला २ तास ५० मिनिटं. शेवटच्या पट्ट्यात धाकटी पोरगी बॅरिकेडवर चढून ओरडत होती, तिचा आवाज मी शंभर मीटरवरून ओळखला.

रेस संपल्यावर

लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, सावलीत जा, अर्ध्या तासात काहीतरी खारट खा. वेळ मोजणारी चिप परत करा. लघवी गडद चहासारखी झाली किंवा कित्येक तास होतच नसेल तर हॉस्पिटल गाठा आणि तोपर्यंत पेनकिलर घेऊ नका, किडनीवर ताण येतो. त्या रात्री गाडी स्वतः चालवू नका. पुढचे दहा दिवस धावणं बंद, फक्त चालणं आणि हलकं पोहणं.

सायकल मात्र त्याच संध्याकाळी हॉटेलच्या नळावर गोड्या पाण्याने धुवा, चेन कोरडी पुसून तेल द्या. मी थकून तशीच कॅरिअरवर बांधली आणि घरी तिसऱ्या दिवशी बघितलं तर सीटच्या बोल्टवर आणि बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूंवर गंज धरला होता, त्यातला एक अजून निघत नाही.